पहिल्यांदाच आलात का?

गेल्या डिसेंबरात वाईला एका वाड्यात दोन रात्री राहिलो. वाडा म्हणजे आता पाहुण्यांच्या मुक्कामासाठी दुरुस्त केलेला वाडा. लेकीनेच शोधून, फोटो बघून, पैसे भरून सगळं ठरवलं होतं. दिंडी दरवाज्यातून आत गेलं की उजव्या हाताला, जिथे पूर्वी देवडी असणार तिथे एक टेबल मांडलेलं होतं आणि टेबलामागे विशी-बाविशीतला एक मुलगा. त्याने आमची आधार कार्डं घेतली, रजिस्टरात नावं लिहिली, पुण्याचा पत्ता लिहिला. मग मान वर करून अगदी मनापासून हसला आणि म्हणाला, “पहिल्यांदाच आलात का वाईला?”

“हो,” मी म्हणाले.

माझा जन्म वाईचा. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला जाईपर्यंत मी रामडोह आळीत राहिले. घाटाच्या किती पायऱ्यांना कुठे खळगा आहे आणि कुठल्या पायरीवर शेवाळ धरतं, हे मला अजूनही पायांनी सांगता येईल. तो ‘हो’ कुठून आला कळलं नाही. विचार करून बोललेलं खोटं नव्हतं ते. कुणी अचानक दार उघडलं की आपण नकळत पदर सारखा करतो, तसं काहीतरी झालं. नवऱ्याचं लक्ष सामानाकडे होतं, त्याने ऐकलं नाही. लेकीने ऐकलं. तिने माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही, खोलीची किल्ली घेतली आणि जिना चढायला लागली. तिने ही जागा मला आवडेल म्हणून निवडली होती. गाडीत बसल्यापासून, खंबाटकी चढताना, सुरूरच्या फाट्याला वळताना ती मला विचारत होती, “आई, आता कसं वाटतंय?” आणि मी दर वेळी “बघू या गं” म्हणत होते. त्या एका शब्दाने तिचं काय झालं असेल, ते दोन दिवस माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

मुलाने हातात एक छापील कागद दिला. ढोल्या गणपती, काशी विश्वेश्वर, मेणवलीचा घाट, धोम, पाचगणी, महाबळेश्वर. प्रत्येकापुढे किती वेळ लागेल ते लिहिलेलं. ढोल्या गणपतीपुढे ‘अर्धा तास’ होतं. आम्हा भावंडांच्या सगळ्या परीक्षा, माझ्या लग्नाची पहिली पत्रिका, आईचं आजारपण हे सारं त्या गणपतीपुढे झालं होतं. मी तो कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. अजून आहे तो माझ्याकडे.

खोली सुंदर होती, हे खरंच सांगायला हवं. सागवानी तुळया घासून तेल पाजलेल्या, कोनाड्यात पणतीसारखा मंद दिवा, पांढरीशुभ्र चादर, नळाला कढत पाणी. चौकाच्या कोपऱ्यात एक जातं ठेवलं होतं, खुंट्यासकट, आणि त्याच्या शेजारी पितळेच्या घंगाळात पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या. घर विकलं तेव्हा आमचं जातं कुणी न्यायचं यावर माझं आणि दादाचं बोलणं झालं होतं. त्याच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती, माझ्याही नव्हती. शेवटी ज्याने घर घेतलं त्यालाच म्हटलं, असू दे. ते साल २०११. आई जाऊन वर्ष झालं होतं. त्या रात्री वाड्याच्या चौकात बसून मी त्या जात्याकडे बघत होते. ते आमचं नव्हतं. आमच्या जात्याच्या वरच्या तळीला एका बाजूला टवका उडालेला होता, याचा नव्हता. तरी मी उठून, कुणी बघत नाहीसं पाहून, खुंट्याला हात लावून आले.

वाईत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट फार लहानपणी कळते. सगळं जग आपल्या गावावरून कुठेतरी पुढे चाललंय. मे महिन्यात आणि दिवाळीत मुंबई-पुण्याच्या गाड्या यायच्या, टपावर सामान बांधलेलं, खिडकीतून टोप्या घातलेली मुलं. पुलाजवळ थांबून विचारायचे, “महाबळेश्वरचा रस्ता?” आणि आम्ही हात लांब करून सांगायचो, “सरळ जा, पसरणीचा घाट लागेल.” गाडी गेली की तिच्या धुळीत उभे राहून आम्ही पुढच्या गाडीची वाट बघायचो. तेव्हा मला वाटायचं की रस्ता सांगणं हे गावातल्या मुलांचं कामच असतं. त्या गाड्यांमधल्या कुणीही कधी विचारलं नाही की तुमच्या गावात काय आहे. गावातली माणसं मात्र एकच प्रश्न विचारायची. वाण्याकडे जा, पिठाच्या गिरणीत जा, देवळात प्रसादाला हात पुढे कर, कुणीतरी म्हातारी डोळे बारीक करून विचारणार, “कुणाच्यातली गं तू?” अण्णांचं नाव सांगितलं की चेहरा सैल व्हायचा. “हां, विश्वकोशातले.”

अण्णा विश्वकोशाच्या कामावर मुद्रितं तपासायला होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी एवढा मोठा कोश वाईसारख्या लहान गावात बसून उभा केला, पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि आमच्या घरात त्याचा अर्थ एवढाच होता की अण्णांच्या बोटांना कायम लाल शाई असायची. कोश वर्णानुक्रमाने पुढे सरकत होता. मी एकदा विचारलं होतं, “आपली वाई कधी येणार?” तर म्हणाले, “व यायला वेळ आहे.” “आणि हरिहरेश्वर?” तेव्हा हसले. “ह तर फारच लांब. तोवर मी निवृत्त होईन.”

हरिहरेश्वर हे आमच्या सुट्टीचं गाव. लोक आमच्या गावावरून महाबळेश्वरला जायचे आणि आम्ही महाबळेश्वरावरून पलीकडे उतरायचो. दर मे महिन्यात, निकाल लागला की आठ दिवस. वाईहून सकाळची यष्टी महाबळेश्वरला, तिथून महाडची, महाडहून श्रीवर्धनकडची. आंबेनळीचा घाट उतरताना आई आम्हा दोघांच्या तोंडात आवळा सुपारी कोंबायची आणि म्हणायची, “लांब बघा, जवळ बघू नका.” प्रतापगडाचा फाटा गेला की गाडीतली हवा बदलायची. अंगाला चिकटायला लागायची. पोलादपूर येईपर्यंत दादाच्या शर्टाची पाठ भिजलेली असायची आणि वाईचा कोरडा उन्हाळा मागे कुठेतरी डोंगरावर राहिलेला असायचा.

वाटेत अण्णांचा एक थांबा ठरलेला होता. महाबळेश्वरला दुसरी गाडी मिळायला वेळ असला की ते आम्हाला क्षेत्र महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात न्यायचे. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री. आत दगडात ओळीने वाहणारे झरे, मग सगळ्यांचं मिळून गोमुखातून कुंडात पडणारं पाणी. अण्णा ओंजळ धरून ते प्यायचे आणि मग आम्हाला दर वर्षी तेच सांगायचे. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, कोयना कऱ्हाडला. त्यांची ताटातूट फार दिवसांची नाही. सावित्री मात्र पश्चिमेला उतरते, पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला जाते. “कृष्णा आपल्या दारावरून चौदाशे किलोमीटर जाणार आणि तिकडच्या समुद्राला मिळणार. ही इकडच्या. दोघींचं माहेर एकच. पण पुन्हा गाठ नाही.” मी आठ-नऊ वर्षांची असताना त्या गोमुखाखाली हात धरून कुठलं पाणी सावित्रीचं आहे ते ओळखायचा प्रयत्न करायचे. सगळं सारखंच गार लागायचं.

हरिहरेश्वरला आम्ही उतरायचो ते एका काकूंकडे. लॉज वगैरे काही नव्हतं, म्हणजे निदान आमच्यासाठी नव्हतं. देवळाच्या रस्त्यावर त्यांचं घर, पुढे पडवी, मागे नारळी-पोफळीची वाडी. पडवीत चटया घालून आम्ही झोपायचो. पहाटे वाडीत पंप सुरू व्हायचा आणि पाटातून पाणी खळखळत झाडांच्या आळ्यांकडे जायचं, तो आवाज आणि लांबून येणारा समुद्राचा आवाज झोपेत एकमेकांत मिसळायचे. वाईला घाटावर धुणं आपटल्याच्या आवाजाने जाग यायची. इथे पाण्याचे हे दोन आवाज. चुलीवरच्या घावनांचा वास, ओल्या सोडणाचा धूर, पोफळीच्या खाली गारवा असा की मे महिन्यातही पाय गार पडावेत. काकूंसाठी आई वाईची हळद न्यायची, फडक्यात बांधून. परतताना काकू पिशवीत रोठा सुपारी, आमसुलं आणि दोन नारळ घालायच्या. पैशांचा हिशोब अण्णा आणि काका ओटीवर हळू आवाजात करायचे, आम्हाला कधी कळला नाही.

प्रदक्षिणेचं मात्र सगळ्यांना कळायचं. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, आणि मग डोंगराच्या मागे, दोन कड्यांच्या फटीतून खाली समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्या. ओहोटी असेल तरच जायचं. त्या फटीतून उतरताना समोर फक्त एक उभी निळी पट्टी दिसते, आणि शेवटच्या पायरीला ती एकदम सगळीकडे पसरते. लाटांनी कुरतडलेले खडक, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेले, त्यांत साठलेलं पाणी आणि पाण्यात टाचणीएवढे मासे. अण्णा धोतर वर खोचून पुढे, आम्ही मागे, आणि सगळ्यात शेवटी आई, चपला हातात घेऊन, दर दहा पावलांनी “भरती सुरू झाली का हो?” विचारत. काका आधीच सांगून ठेवायचे, इतक्या वाजायच्या आत वर या. ते घड्याळ बघत नसत. वाडीतून, आवाजावरून सांगायचे.

काकू कधी आमच्याबरोबर आल्या नाहीत.

हे मला तेव्हा जाणवलंही नाही. त्या कायम आत असायच्या, खोबरं खवताना, पानं मांडताना, आमच्यासारखं आणखी एखादं कुटुंब उतरलेलं असलं तर त्यांच्या पोरांचे ओले कपडे दोरीवर टाकताना. एकदा संध्याकाळी, मी तेरा-चौदा वर्षांची असेन, मागच्या पायरीवर त्या तांदूळ निवडत होत्या आणि मी शेजारी बसले होते. मी सहज विचारलं, “काकू, तुम्ही सुट्टीत कुठे जाता?” त्यांनी सूप खाली ठेवलं आणि दक्षिणेकडे मान वळवून म्हणाल्या, “त्या खाडीच्या पलीकडे वेळास. माझं माहेर.” बाणकोटच्या खाडीचं तोंड तिथून फार लांब नाही. बागमांडल्याला तरीत बसलं की पलीकडे वेसवी, आणि तिथून पुढे त्यांचं गाव. मला वाटलं, हे तर शेजारीच आहे. “मग जाता की नाही?” “मे महिन्यात कशी जाणार? तुम्ही येता ना.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस पडतो, भरती येते, तसं सांगितलं. आणि लगेच हसून म्हणाल्या, “वेळासच्या नानांनी तुमच्या मेणवलीला वाडा बांधला. आमच्या गावच्या माणसाने तुमच्याकडे घर केलंन. मीही येईन एकदा. कृष्णेत न्हायचंय मला.”

नाना फडणवीसांचं घराणं मूळचं वेळासचं, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. ते मला हरिहरेश्वरच्या मागच्या पायरीवर कळलं. मेणवली आमच्या घरापासून दीड कोसावर. आम्ही सायकलवर जायचो, घाटावर पाय सोडून बसायचो, वसईच्या मोहिमेतून आणलेल्या त्या घंटेवरची आई-मुलाची आकृती बोटाने चाचपायचो, १७०७ हा आकडा वाचायचो. नानांचा वाडा म्हणजे आमचाच कुणीतरी, असं वाटायचं. तर तो काकूंचा निघाला. त्या रात्री मी आईला विचारलं, काकूंना आपण उत्सवाला बोलवू या का? आई म्हणाली, बोलवते की दर वर्षी. थंडी सरता सरता वाईत कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. सात घाटांच्या सात आळ्या, पाळीपाळीने प्रत्येकीकडे देवी बसते. भीमकुंड, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, मधली आळी, रामडोह, गंगापुरी. मांडव, कीर्तनं, घाटावर पंगती, आणि त्याच सुमाराला गावाबाहेर हळद शिजवायच्या काहिली चढलेल्या असायच्या, तो मातकट उग्र वास रात्रीच्या कीर्तनातसुद्धा नाकात असायचा. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेला नवस म्हणून हा उत्सव सुरू झाला असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. काकू त्या उत्सवाला कधीच येऊ शकल्या नाहीत. वाडी होती, गाय होती, सासूबाई अंथरुणाला होत्या.

‘मे महिन्यात कशी जाणार? तुम्ही येता ना.’ या वाक्याचं वजन मला कळायला माझं स्वतःचं लग्न व्हावं लागलं. पहिल्या वर्षी मे महिन्यात सासरी पाहुणे आले, त्यांचं सगळं करता करता पंधरा तारीख उलटली आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून यष्टीच्या वेळा मोजत होते. साडेसहाची मिळाली तर दहापर्यंत वाई. तेव्हा एकदम ती मागची पायरी आठवली, आणि मी हिशोब केला. आठ-नऊ वर्षं आम्ही गेलो. आमच्यासारखी आणखी किती कुटुंबं. एका बाईचे किती मे महिने आम्ही समुद्र बघण्यात घालवले. त्यात त्यांचा चरितार्थ होता, ते पैसे त्यांना हवे होते, हेही खरंच. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे मला त्यावर काही म्हणता येत नाही. फक्त घावनांचा वास आठवला की आता त्याच्यामागे त्या दिसतात, दक्षिणेकडे मान वळवलेल्या.

मग काही वर्षं वाई हेच माझं सुट्टीचं गाव झालं. लेकीचं आजोळ. मी आईच्या हातचं खाऊन दुपारी तीन-तीन तास झोपायची, लेक आजोबांबरोबर घाटावर जायची. अण्णांनी तिला ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत दाखवली होती. रास्त्यांनी १७६२ साली देऊळ बांधलं तेव्हा ती माशाच्या आकाराची केली, टोक प्रवाहाकडे, म्हणजे पुराचं पाणी तिथे दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं. लेकीला ते इतकं आवडलं की ती वाळूत तसं टोक करून त्यावर तांब्याने पाणी ओतत बसायची. तिला वाई म्हणजे अमर्याद वेळ असलेलं गाव वाटायचं. मला ती बघून बरं वाटायचं आणि कुठेतरी चमत्कारिकही, कारण मी त्या गावात सुट्टी कधी घालवली नव्हती. तिथे मी पहाटे उठून अभ्यास केला होता, नळाला पाणी नसलं की नदीवरून घागरी आणल्या होत्या, रडले होते, नापास झालेल्या मैत्रिणीला लपवून ठेवलं होतं. आणि आता मी दुपारच्या झोपेतून उठून आईला विचारत होते, “चहा झाला का?”

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल कोसळला. दोन यष्ट्या आणि आणखी वाहनं पुरात गेली. सकाळी बातम्यांत तो तुटलेला पूल आणि त्याखालचं तांबूस पाणी बघताना माझे हातपाय गार पडले. पोलादपूरहून महाडला जाताना आम्ही त्याच पुलावरून जायचो. दादा खिडकीतून दहा पैसे टाकायचा नदीत. अण्णा म्हणायचे, “नमस्कार कर, सकाळी भेटलो होतो तिला.” त्या दिवशी मी दादाला फोन केला. तो म्हणाला, “मी पण तेच बघतोय.” मग बराच वेळ आम्ही दोघंही फोन धरून होतो. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये नवा पूल सुरूही झाला. त्यावरून मी अजून गेलेले नाही. काकू त्याआधीच गेल्या होत्या, हे मला कुणाकडून तरी उशिरा कळलं. त्यांच्या घराच्या जागी आता तीन मजली मुक्कामाची इमारत आहे म्हणतात. बागमांडल्याहून वेसवीला आता मोठी फेरीबोट जाते, गाड्यांसकट, आणि वेळासला समुद्री कासवांची पिल्लं बघायला लोक घरोघरी उतरतात. काकूंच्या माहेरीही आता कुणाच्या तरी सुट्ट्या असतात.

वाड्यातल्या दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती कशानेच नाही. म्हणजे आवाज कुठलाच नव्हता. मी शाल घेऊन खाली आले तर तो मुलगा आधीच उठून अंगणात पाणी शिंपडत होता. “घाट बघायचा का? चला, मी दाखवतो, आम्ही सगळ्यांना नेतो.” मी काही म्हणायच्या आत लेकही जिन्यावरून खाली आली. आम्ही तिघं निघालो. अंधार फिकट होत होता, नदीवर धुकं होतं. जुना पूल नाही, हे मला माहीत होतं, तरी नजर तिथे गेलीच. नव्या पुलाखाली पाण्यावर जलपर्णीचे हिरवे गठ्ठे. मुलगा पसरणीचा होता. शाहीर साबळ्यांच्या गावचा, असं त्याने अभिमानाने सांगितलं. ढोल्या गणपतीच्या मागे नेऊन त्याने आम्हाला ती भिंत दाखवली. “हे बघा मॅडम, हा माशाचा आकार. पूर आला की पाणी इथे फाटतं.” तो हाताने पाणी फाटताना दाखवत होता, अगदी अण्णांसारखे दोन्ही तळवे एकमेकांपासून दूर नेत. मी ऐकत राहिले. त्याने साल बरोबर सांगितलं, रास्त्यांचं नाव बरोबर सांगितलं, सात आळ्यांची नावं एका दमात म्हटली. तो सगळं नीट सांगतोय याचा मला आनंद होत होता, आणि घशात काहीतरी अडकतही होतं. लेक भिंतीच्या टोकाला हात लावून उभी होती. तिने अजून माझ्याकडे बघितलं नव्हतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो दोन पावलं बाजूला गेला, पण पहाटेच्या त्या शांततेत सगळं ऐकू येत होतं. “हां ताई... पोचलीस का?... पोरं झोपली का गाडीत?... नाही गं, आत्ता कसा येऊ, गेस्ट आहेत. घाटावर आलोय. संध्याकाळी बघतो... नाताळ आहे ना, दोन तारखेपर्यंत सगळं भरलंय... आईला सांग, जेवायला थांबू नको म्हणावं.” फोन खिशात ठेवून तो परत आला आणि पुन्हा तेच हसला. “चला, आता पुढचा घाट दाखवतो.”

“तुम्ही घरी जा,” मी म्हणाले. “बहीण आलीय ना. आम्ही फिरतो आमचे.”

“नाही नाही, मॅडम, तसं काही नाही. आळ्यांमधून तुम्हाला सापडायचं नाही.”

“सापडेल. इथून रामडोहापर्यंत मला पाठ आहे.”

तो थांबला. “तुम्ही तर म्हणालात पहिल्यांदाच...” लेकीने वळून बघितलं. नदीवरून वारा आला, त्याला हळदीचा वास नव्हता, अजून दिवस होते त्याला. मला उत्तर सुचेना. मुलगा माझ्या चेहऱ्याकडे काही क्षण बघत राहिला. मग त्याने ‘मॅडम’ सोडून दिलं. डोळे जरासे बारीक करून, म्हाताऱ्या बायका विचारायच्या तसं, हळूच विचारलं, “कुणाच्यातल्या तुम्ही?”

मी अण्णांचं नाव सांगितलं. त्याला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. तो जन्मला त्याच्या आसपास अण्णा गेले होते. “विश्वकोशात होते,” मी म्हणाले.

“हां, विश्वकोश,” तो म्हणाला आणि मान हलवली.

लेक पायऱ्या उतरून पाण्याजवळ गेली होती. “आई,” तिने खालून हाक मारली, “शेवाळ कुठल्या पायरीवर असतं ते सांग, मी पाय टाकते.”